चॅटाहूचीकाठचा मातीचा कोट



वसंतातल्या या व्याख्यानांना आम्ही कित्येक वर्षे मागच्या रांगेत बसून हजेरी लावीत आलो. यंदा चालकांनी आम्हांला पुढे आणून बसविले, हा त्यांचा लोभ. विषय कोणता घेणार असे त्यांनी विचारले, तेव्हा आम्ही कामगार कायद्यावर किंवा एखाद्या संपावर बोलू अशी त्यांची अटकळ असावी. आम्ही म्हणालो, मातीकामावर बोलतो, आणि तेही अमेरिकेतल्या. चालक थोडे चपापले, पण नाही म्हणाले नाहीत.

मातीकामच का, हे आधी सांगितले पाहिजे. आमचे शाळेतले शिक्षण नववीला थांबले. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटातून आणि नगरवाचनालयातून. इंग्रजी आम्ही शब्दकोश मांडीवर घेऊन वाचावयास शिकलो. माती मात्र आम्हांला शब्दकोशावाचून कळते. १९७२ च्या दुष्काळात आमची आई पाझर तलावाच्या भरावावर घमेली वाहत होती, आणि आम्ही दोन वर्षांचे, कडेच्या बाभळीला बांधलेल्या झोळीत होतो. पुढे रोजगार हमीच्या मजुरांत काम करू लागल्यावर मोजणीच्या दिवशी फीत धरून आम्ही कितीतरी खड्ड्यांच्या काठी उभे राहिलो. एका कामावर तर पावसाने खड्डे गाळाने भरेपर्यंत मोजणी लांबविण्यात आली आणि बायांच्या हाती निम्मा दाम पडला. तेव्हापासून आम्हांला एक खोडच लागली आहे. कोठेही मातीचा जुना बांध, तट किंवा खंदक दिसला की मनात पहिला प्रश्न येतो तो असा, की ही माती किती ब्रास भरेल, ती कोणी वाहिली आणि वाहणाऱ्याला काय मिळाले?

इतिहासाची पुस्तके या प्रश्नाला बहुधा उत्तर देत नाहीत. तट कोणी बांधविला हे ती सांगतात, कोणी बांधला हे सांगत नाहीत. तथापि एका पुस्तकात आम्हांला हे उत्तर अवचित सापडले, आणि तेही एका सेनापतीच्या पुस्तकात. अमेरिकेतील यादवी युद्धात उत्तरेकडून लढलेला विल्यम शर्मन याने १८७५ साली आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. त्यांत जॉर्जिया राज्यातील चॅटाहूची नदीच्या काठी १८६४ साली उभारलेल्या एका मातीच्या कोटाची हकिकत आली आहे. तो कोट, तो खणणारे लोक आणि त्या नदीवर पुढे जे घडले ते, एवढाच आजचा आमचा विषय.

हे युद्ध आपणांस अगदीच परके नाही. १८६० च्या शिरगणतीत अमेरिकेत साडेएकोणचाळीस लाख माणसे गुलाम म्हणून नोंदली गेली होती, आणि त्यांतले बहुसंख्य दक्षिणेच्या शेतमळ्यांत राबत होते. कापूस हे तेथले मोठे पीक, आणि इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्या त्यावर चालत. दक्षिणेची अकरा राज्ये गुलामगिरी टिकविण्यासाठी फुटून निघाली आणि १८६१ च्या एप्रिलात युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडविली. अमेरिकेचा कापूस अडला आणि मुंबईच्या बाजारात कापसाला सोन्याचा भाव आला. खानदेशात, वऱ्हाडात कापूस पिकविणाऱ्याच्या हाती काही काळ पैसा खुळखुळला. मुंबईत शेअरांचे वेड माजले, समुद्र हटवून जमीन करण्यासाठी कंपन्या निघाल्या, आणि १८६५ साली युद्ध संपताच तो फुगा फुटून भल्याभल्या पेढ्या बुडाल्या. तेव्हा चॅटाहूचीच्या काठी कुदळ पडत होती, त्याच वेळी तिचे हादरे जळगाव-अमरावतीच्या बाजारापर्यंत पोहोचत होते असे म्हणावयास हरकत नाही.

१८६४ च्या मे महिन्यात शर्मन सुमारे एक लाख फौज घेऊन अटलांटा शहरावर निघाला. अटलांटा हे दक्षिणेच्या रेल्वेचे मोठे जंक्शन होते. तेथे तोफखान्याचे सामान बनत असे आणि तेथूनच ते रणांगणावर जात असे. त्याला अडविण्यासाठी जोसेफ जॉन्स्टन हा दक्षिणेचा सेनापती उभा होता, पण त्याचे बळ शर्मनच्या निम्म्याहून थोडेच अधिक होते. तेव्हा त्याने एकच डाव धरला. चांगली टेकडी पाहावयाची, तिच्यावर खंदक खणून बसावयाचे आणि शर्मनने अंगावर यावे म्हणून वाट पाहावयाची. शर्मन अंगावर येत नसे. तो वळसा घालून बाजूने जाई, मग जॉन्स्टनला ती जागा सोडून मागे हटावे लागे, आणि पुन्हा नवी जागा, पुन्हा नवे खंदक. २७ जून रोजी केनेसॉ डोंगरावर एकदाच शर्मनने सरळ चाल केली आणि त्या एका सकाळी त्याची सुमारे तीन हजार माणसे पडली किंवा जायबंदी झाली. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे नदीकाठी तिचा परिणाम दिसतो.

मातीला इतके महत्त्व का आले, हेही पाहिले पाहिजे. किल्ला म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे दगडी तट येतो. परंतु त्याच जॉर्जिया राज्यात, सॅव्हानाजवळ, पुलास्की नावाचा विटांचा भक्कम किल्ला होता. १८६२ च्या एप्रिलात उत्तरेच्या नव्या, आतून आटे पाडलेल्या तोफांनी त्याची भिंत सुमारे तीस तासांत फोडली. वीट फुटते, दगड तडकतो आणि त्याच्या कपच्या आतल्याच माणसांना लागतात. मातीचे तसे नाही. माती गोळा गिळते, आणि पडलेले खिंडार रात्रीतून चार फावड्यांनी बुजविता येते. आपल्याकडच्या जुन्या गढ्यांच्या पांढऱ्या मातीच्या जाड भिंती ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना हे निराळे सांगावयास नको. शिवाय आटे पाडलेल्या बंदुकांचा मारा आता कितीतरी लांबून बसू लागला होता, म्हणून मुक्काम पडला की शिपाई आधी खणी आणि मग जेवी. फावडे नसेल तर संगीन आणि जेवणाची पत्र्याची थाळी यांनी खणी.

केनेसॉच्या मागे अटलांट्यापूर्वी मोठा अडथळा असा एकच उरला होता, तो चॅटाहूची नदीचा. नदी रुंद, आणि त्या वर्षीच्या जूनमधल्या पावसाने भरलेली. तिच्यावरून रेल्वेचा पूल होता, आणि शर्मनला लागणारे अन्न व दारूगोळा याच एका रेल्वेच्या मार्गाने यावयाचे असल्यामुळे सर्वांचे लक्ष या पुलावर होते. पुलाच्या वर-खाली नावेने पार होण्याची ठिकाणे आणि पायउतार होते. जॉन्स्टनच्या तोफखान्याचा प्रमुख फ्रान्सिस शूप याने जून महिन्यात त्याच्यापुढे योजना मांडली, की नदीच्या अलीकडच्या, म्हणजे शत्रूच्या बाजूच्या काठावर असा कोट उभारावा, की तो थोड्या माणसांना सांभाळता येईल. पाठीशी नदी घेऊन लढू नये हा युद्धातला जुना नियम आहे. शूपचे म्हणणे असे, की थोडी शिबंदी कोट धरून ठेवील आणि बाकी सगळी फौज मोकळी राहून हवी तिकडे धावू शकेल. जॉन्स्टनने होकार दिला.

शूपची रचना खरोखर डोकेबाज होती. त्याने सलग खंदक खणला नाही. सुटे सुटे छत्तीस बुरूज त्याने काढले. प्रत्येकाचा आकार बाणाच्या टोकासारखा, आणि टोक शत्रूकडे. झाडांच्या ओंडक्यांची भिंत रचावयाची आणि आत माती चोपून भरावयाची. तटाची जाडी दहा ते बारा फूट, आणि एका बुरुजात सुमारे ८० बंदूकवाले. दोन बुरुजांमध्ये साठपासून पावणेदोनशे यार्डांपर्यंत अंतर, आणि त्या अंतरात आठ फुटी ओंडके उभे पुरून केलेला मेढेकोट. त्या मेढेकोटाच्या मध्ये, किंचित आतल्या अंगाला, दोन तोफांचा मोर्चा. शत्रू कोणत्याही बुरुजावर चालून आला तरी शेजारच्या बुरुजातली बंदूक त्याला बाजूने टिपणार आणि मधल्या मोर्च्याची तोफ समोरून झोडपणार. पुढे झाडे तोडून, फांद्यांची टोके शत्रूकडे करून आडवी पाडलेली. लोक या बुरुजांना शूपच्या नावावरून शूपेड म्हणू लागले, आणि आजही त्यांचे तेच नाव आहे.

आता आमच्या प्रश्नाकडे वळू. हे खणले कोणी?

हे काम मुख्यतः शिपायांचे नव्हते, कारण ते तेव्हा केनेसॉवर लढत होते. ते गुलामांचे होते. दक्षिणेच्या सरकारने १८६३ साली सक्तीने माल व माणसे घेण्याचा कायदा केला होता, आणि १८६४ च्या फेब्रुवारीत दुसऱ्या कायद्याने वीस हजारांपर्यंत गुलाम लष्करी कामाला लावण्याची मुभा घेतली. अटलांट्याभोवतीचा कोट लेम्युअल ग्रँट नावाच्या इंजिनियरने १८६३ पासून उभारला, तोही याच हातांनी. या कामाचे भाडे मिळे, परंतु ते मालकाला. बैल भाड्याने दिला तर पैसे बैलाला मिळत नाहीत, तोच हिशेब. एवढे असूनही मालक कुरकुरत. आपले मोलाचे जनावर लष्कराच्या छावणीत रोगाने मरेल किंवा पळून जाईल, ही त्यांची धास्ती. स्वातंत्र्यासाठी लढतो म्हणणारी ही मंडळी त्या स्वातंत्र्यासाठी आपला गुलाम चार आठवडे उसना द्यावयास राजी नव्हती, ही गोष्ट त्या स्वातंत्र्याविषयी बरेच काही सांगते.

काम केवढे, त्याचा थोडा हिशेब करून पाहू. तट बारा फूट जाड आणि दहा फूट उंच धरला, तर एक फूट लांबीला १२० घनफूट माती लागते. आपल्या भाषेत एक ब्रास आणि वर वीस घनफूट. आमच्या कामांवर साध्या जमिनीत एक जोडी, म्हणजे खणणारा पुरुष आणि वाहणारी बाई, दिवसभर घाम गाळून सुमारे एक ब्रास काढते. म्हणजे एका जोडीच्या संबंध दिवसात तटाची एक फूट लांबीसुद्धा पुरी होत नाही. यात झाडे तोडणे, ओंडके ओढून आणणे, धुमसाने चोपणे धरलेले नाही. आणि जॉर्जियाची माती तांबडी, चिकण, त्यात त्या जूनमध्ये जवळजवळ रोज पाऊस. ओली चिकण माती घमेल्याला चिकटते, पडता पडत नाही, आणि तिचे वजन मानेला कळते. अशा मातीचे छत्तीस बुरूज.

माणसे किती होती आणि त्यांनी किती दिवस काम केले, हे आपल्याला ठाऊक आहे ते एका माणसामुळे. जुलैच्या पहिल्या आठवड्यात जॉन्स्टन मागे हटून या कोटात शिरला आणि शर्मनची फौज समोर येऊन ठेपली. शर्मनला वाटत होते की जॉन्स्टन सरळ नदी उतरून जाईल. समोर असा कोट असेल याची त्याला कल्पना नव्हती. चकमक चालू असता तोडलेल्या झाडांच्या त्या आडोशातून एक काळा मजूर सरपटत बाहेर आला. दिवसभर तो एका ओंडक्याखाली पडून होता आणि दोन्हीकडच्या गोळ्या त्याच्या डोक्यावरून जात होत्या. जरा उसंत मिळताच तो उत्तरेच्या शिपायांकडे आला, आणि त्यांनी त्याला शर्मनकडे धाडले. भीतीने त्याचा चेहरा उतरला होता, असे शर्मन लिहितो. परंतु त्याने जे सांगितले त्यात भीती दिसत नाही. तो म्हणाला की आपण आणि आपल्यासारखे सुमारे हजार गुलाम याच कोटावर महिना किंवा अधिक दिवस राबत होतो, आणि हा कोट रेल्वेच्या पुलाच्या वर सुमारे एक मैल सुरू होऊन खाली टर्नरच्या नावघाटापर्यंत, म्हणजे पाच-सहा मैल गेलेला आहे.

श्रोतेहो, हे आम्ही वाचले त्या रात्री पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. माणसे किती, दिवस किती, लांबी कोठून कोठपर्यंत. मातीकामाच्या हजेरीपटात आणि मोजणीच्या वहीत याहून निराळे काय असते? गोळ्यांच्या पावसातून बाहेर आलेला तो माणूस सेनापतीपुढे उभा राहून आपल्या कामाचे माप सांगत होता. जे खणले त्याची लांबी त्याच्या हातापायांना पाठ होती. आज या कोटावर लिहिणारे विद्वान हजार गुलामांचा जो आकडा देतात त्याच्या मुळाशी त्याची ही साक्ष आहे. शूप कोण, त्याचा जन्म कोठला, तो पुढे गणिताचा प्राध्यापक आणि धर्मोपदेशक झाला, हे सगळे नोंदलेले आहे. या माणसाचे नाव शर्मनने लिहिले नाही. बहुधा विचारलेही नसेल.

आपण पाहिलेल्या तटबंद्यांत ही अत्यंत भक्कमांपैकी एक, असे शर्मनने पुढे लिहून ठेवले. केनेसॉचा चटका ताजा होता. त्याने या कोटावर चाल केलीच नाही. उलट नदीच्या खालच्या अंगाला घोडदळ आणि पायदळ नाचवून आपण तिकडून उतरणार असा देखावा केला, आणि जॉन्स्टनचे लक्ष तिकडे लागले. मग ८ जुलै रोजी पुलापासून काही मैल वर, सोप क्रीक नावाचा ओढा जेथे नदीला मिळतो तेथे, स्कोफील्डच्या सैन्याने नदी ओलांडली. मासे धरण्यासाठी कोणे एके काळी पात्रात दगडांचा बांध घातलेला होता. एक तुकडी त्यावरून चालत गेली. बाकीची होड्यांतून गेली. पलीकडे पहारा नावाला होता आणि झटापट अगदी थोडी झाली. दुसऱ्या दिवशी आणखी वर, रॉझवेल गावाजवळच्या पायउतारावरून गॅरर्डचे घोडदळ पलीकडे गेले. ९ जुलैच्या रात्री जॉन्स्टनने कोट सोडला आणि पूल जाळून तो अटलांट्याकडे हटला. हजार माणसांनी महिनाभर खपून जे उभारले, त्याचा उपयोग पाच दिवस झाला.

दोष शूपच्या रचनेचा होता काय? आम्हांला तसे वाटत नाही. कोट चांगला होता, म्हणूनच त्यावर कोणी आले नाही. परंतु थोड्या माणसांवर कोट सोडून बाकी फौज मोकळी ठेवणे हा जो योजनेचा प्राण, तोच वापरला गेला नाही. शूपनेच पुढे लिहून ठेवले आहे की कोटात आलेल्या काही तुकड्यांना ही नवी तऱ्हा समजली नाही, आणि त्यांनी मेढेकोट उपटून आपले नेहमीचे खंदक खणावयास आरंभ केला. पॅट्रिक क्लेबर्न या सेनानीने मात्र तिचे मर्म ओळखले. याच क्लेबर्नने त्या वर्षीच्या जानेवारीत आपल्या वरिष्ठांपुढे सूचना मांडली होती, की गुलामांना मुक्त करून त्यांच्या हाती शस्त्र द्यावे. ती सूचना दडपण्यात आली. ज्यांच्या हाती फावडे देता येते त्यांच्या हाती बंदूक दिली, तर मग त्यांना गुलाम कसे म्हणावे, ही त्या राज्याची अडचण होती. समोरच्या बाजूला वेगळे चालले होते. पळून आलेल्या काळ्या मजुरांना शर्मन आपल्या मातीकामावर महिना दहा डॉलर देऊन लावीत होता. गोऱ्या शिपायाला त्याहून अधिक मिळे आणि काळ्यांना लढाऊ फौजेत घ्यावयास स्वतः शर्मन नाखूष होता, हेही सांगितले पाहिजे. परंतु नदीच्या त्याच परिसरात, तीच तांबडी माती, तेच फावडे. एकीकडे भाडे मालकाला आणि दुसरीकडे दहा डॉलर खणणाऱ्याच्या हाती. कोटाच्या दोन बाजूंमधला खरा फरक आम्हांला या एका गोष्टीत दिसतो.

येथे थांबलो असतो तर गोष्ट सोपी झाली असती. पण रॉझवेलचे सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही, कारण आम्ही गिरणीकामगारांतही वावरलेले आहोत.

रॉझवेल हे गिरणगाव. १८३९ पासून तेथे ओढ्याच्या पाण्यावर सुताची गिरणी चालत होती, पुढे लोकरीची निघाली. दक्षिणेच्या शिपायांचे करडे कापड तेथे विणले जाई. कामावर बहुतेक गोऱ्या गरीब घरच्या बाया आणि मुले. पुरुष लढाईवर गेलेले. नदीचा उतार ताब्यात घेण्यासाठी गॅरर्डचे घोडदळ ५ जुलैच्या सुमारास गावात आले, त्यापूर्वीच मालकमंडळी गाव सोडून गेली होती. लोकरीच्या गिरणीवर थिओफील रोश नावाच्या फ्रेंच माणसाने आपल्या देशाचे निशाण चढवून ही परकी मालमत्ता असल्याचे दाखविले, पण आत शत्रूच्या सरकारचे कापड निघाले. गिरण्या जाळण्यात आल्या. आणि ७ जुलै रोजी शर्मनने हुकूम दिला की गिरणीशी संबंध असणाऱ्या सर्वांना, बाया असोत की पुरुष, पकडून मॅरिएटा गावी पाठवावे. आरोप राजद्रोहाचा. सुमारे चारशे कामगार आणि त्यांची मुले गाड्यांत घालून मॅरिएटाला नेली, तेथून रेल्वेने टेनेसी, केंटकीकडे, आणि पुष्कळांना ओहायो नदीपार इंडियानात. जेथे सोडले तेथे ओळखीचे कोणी नाही, हाताला काम असलेच तर तुटपुंजे. कित्येक परतले नाहीत. अ‍ॅडलाइन बॅगली ब्यूस नावाच्या एका बाईच्या थडग्यावर असे कोरलेले आहे, की ती रॉझवेलची गिरणीकामगार, १८६४ साली तिला शिकागोला धाडले आणि १८६९ साली ती पायी परत आली.

शर्मनचे म्हणणे असे, की या कामगारांना त्यांच्या कसबामुळे सैन्यभरतीतून सूट मिळालेली, तेव्हा ते शिपायांच्याच रांगेतले. तर्क म्हणून तो खोडणे सोपे नाही. त्या कापडावाचून शिपाई उभा राहत नव्हता. परंतु त्याच तर्काने कोट खणणारे हजार गुलामही शत्रूच ठरले असते, आणि त्यांना कोणी शत्रू म्हटले नाही. भाकरीसाठी चरख्यावर उभी राहणारी बाई आणि चाबकाखाली खणणारा गुलाम यांची स्थिती एक नव्हे, हे आम्ही जाणतो. तिला दाम मिळत होता, त्याला नाही. तिची मुले तिची होती, त्याची विकता येत होती. एवढा फरक मान्य करूनही आम्हांला म्हणावेसे वाटते, की शर्मनच्या सैन्याने गुलामगिरीचा कणा मोडला हे खरे, आणि त्याच सैन्याने चारशे निराधार कामगारांना देशोधडीला लावले हेही खरे. एका खऱ्याने दुसरे खरे झाकू नये. मालक युद्धानंतर परतले आणि गिरणी पुन्हा उभी राहिली. गिरण्या नेहमी पुन्हा उभ्या राहतात.

मजुराला आपल्या पोटापलीकडचे दिसत नाही असे कोणी म्हणेल, तर त्याने मँचेस्टरकडे पाहावे. अमेरिकेचा कापूस अडल्याने लँकेशायरच्या कामगारांच्या चुली विझल्या होत्या. तरी १८६२ च्या ३१ डिसेंबरला मँचेस्टरच्या कामगारांनी सभा भरवून लिंकनला पत्र धाडले आणि गुलामांच्या मुक्तीला पाठिंबा दिला. लिंकनने १९ जानेवारी १८६३ रोजी त्यांना आभाराचे उत्तर लिहिले.

पुढचे थोडक्यात सांगतो. १७ जुलै १८६४ रोजी जॉन्स्टनला दूर करून हूड याला सेनापती नेमण्यात आले. त्याने कोटांची रीत सोडून चाल करून जाण्याची रीत धरली आणि दहा-बारा दिवसांत तीन लढायांत हजारो माणसे गमावली. २ सप्टेंबरला अटलांटा पडले. या विजयाने लिंकनची नोव्हेंबरातली निवडणूक सावरली, आणि ६ डिसेंबर १८६५ रोजी घटनेची तेरावी दुरुस्ती संमत होऊन अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली. नदीकाठचे छत्तीस बुरूज हळूहळू झाडीने आणि मग घरांनी गिळले. थोडे उरले आहेत. तेथे एक बाग केली आहे, तिचेही नाव शूपेड. रॉझवेलमध्ये २००० साली गिरणीकामगारांच्या स्मरणार्थ एक स्तंभ उभारला गेला.

हे सगळे आपण येथे बसून का ऐकावे? याचे उत्तर आमच्या आधी एका मोठ्या माणसाने देऊन ठेवले आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली, आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी काळ्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झीज सोसली. तेराव्या दुरुस्तीला तेव्हा जेमतेम आठ वर्षे झाली होती. पुण्यात बसून जोतीरावांनी तो धागा ओळखला. ते स्वतः बांधकामाची कंत्राटे घेत. माती कोण वाहतो आणि नाव कोणाचे लागते, हे त्यांनी ग्रंथात वाचण्याआधी कामावर पाहिले असले पाहिजे.

आमच्या आईचे वय आता ऐंशीच्या पुढे गेले आहे. १९७२ च्या त्या पाझर तलावावर एक दगड बसविलेला आहे आणि त्यावर नावे कोरलेली आहेत. त्यांत कामावरच्या एकाही बाईचे नाव नाही, आणि ते असावे असे आईला कधी वाटलेही नाही. परंतु शर्मनच्या पुस्तकातली ती हकिकत वाचल्यावर आम्ही गावी गेलो आणि तिला विचारले, कामावर किती माणसे होती गं? तिने हातातले निवडणे खाली ठेवले नाही. म्हणाली, आपल्या गावची आणि शेजारच्या दोन गावांची मिळून तीनशेच्या वर. दिवस किती? पौषात लागलो, रोहिणीच्या पावसात सुटलो. भराव केवढा? ओढ्याच्या वडापासून पार टेकाडाच्या पायथ्यापर्यंत, माझी चारशे पावले.

तिने सुकडीची चव सांगितली, बरोबर काम करणाऱ्या बायांची नावे सांगितली. अकरा नावे तिला आठवली. त्यांतल्या चौघी आज हयात आहेत. ती सगळी आम्ही वहीत उतरवून घेतली. आपल्या प्रत्येकाच्या घरी किंवा गल्लीत असे एखादे माणूस अजून असेल, ज्याने कालवा खणला, रस्त्याची खडी फोडली, बांध घातला. फार उशीर होण्याआधी एक संध्याकाळ त्याच्याजवळ बसावे आणि विचारावे: माणसे किती, दिवस किती, लांबी केवढी. आणि नाव विचारावयास विसरू नये.